बॅटरी घेताना: पहिल्या पाच सेकंदांचा उजेड आणि त्यानंतरचा

दुकानात बॅटरी बघायची आपली पद्धत ठरलेली आहे. बटण दाबायचं, समोरच्या भिंतीवर किंवा छतावर झोत मारायचा, जमलं तर तोंड स्वतःकडे करून डोळे दिपतात का ते पाहायचं आणि पैसे द्यायचे. गंमत अशी, की या पाच सेकंदांत जवळपास प्रत्येक बॅटरी चांगलीच दिसते. सेल ताजे असतात, एलईडी थंड असतो आणि भिंत चार हातांवर असते. खरी परीक्षा अर्ध्या तासानं, शंभर पावलांवर आणि पावसात होते. ती दुकानात घेता येत नाही, घरी मात्र घेता येते. त्यासाठी फोन, पांढरी भिंत आणि असलाच तर साधा मल्टिमीटर एवढं पुरतं. (इथे बॅटरी म्हणजे हातातली विजेरी, आणि तिच्या पोटात जातो तो सेल. बोलताना आपण असंच म्हणतो.)

सुरुवात खोक्यावरच्या आकड्यापासून करू. '१०,००० लुमेन, ८ तास' असं छापलेलं असतं. लुमेन म्हणजे बॅटरीतून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. स्वस्त बॅटरीत सर्किटमधली आणि काचेतली गळती वजा जाता एका वॅटमागे साधारण १०० लुमेन हाती लागतात. म्हणजे १०,००० लुमेनना १०० वॅट हवेत आणि आठ तासांना ८०० वॅट-तास. आता पोटातला सेल पाहा. १८६५० या नावातच त्याचं माप आहे: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. या मापाचा उत्तम प्रतीचा लिथियम-आयन सेलही ३,५०० एमएएचच्या, म्हणजे साडेतीन अँपिअर-तासांच्या, आसपास थांबतो. ३.५ गुणिले ३.६ व्होल्ट म्हणजे १२.६ वॅट-तास. १०० वॅटनं तो साडेसात मिनिटं चालेल, तेही त्यानं तेवढा करंट दिला आणि तापलेली नळी तोवर हातात धरवली तर.

हाच हिशेब उलटा केला की तो कामाचा होतो. १२.६ वॅट-तास म्हणजे सुमारे १,२०० लुमेन-तास. ते ३०० लुमेननं चार तास वापरा किंवा १०० लुमेननं बारा तास. तीन एएए अल्कलाइन सेलमध्ये सगळे मिळून जेमतेम साडेचार वॅट-तास असतात, आणि साधे झिंक-कार्बन सेल त्याच्या निम्म्याच्याही आत राहतात. खोक्यावरचे लुमेन आणि तास यांचा गुणाकार या मर्यादेपलीकडे गेला, तर दोन्हींपैकी एक आकडा खोटा आहे. बहुतेक वेळा दोन्ही असतात. सेलवर '९,९०० एमएएच' छापलेलं असेल तर तो वजनकाट्यावर ठेवावा. चांगला १८६५० पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. तीस ग्रॅमचा निघाला तर आत काय भरलंय ते न विचारलेलं बरं. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलवर आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते कळतं. एलईडीच्या नावाचीही तीच तऱ्हा. खोक्यावर मिरवणारं 'टी-६' हे मुळात एलईडीचं नावच नव्हे. क्री कंपनीच्या एक्सएम-एल या एलईडीची उजेडानुसार जी वर्गवारी होती, तिच्यातल्या एका गटाची ती खूण. ती आता कुठल्याही चिपच्या डोक्यावर बसते.

समजा लुमेन खरे निघाले, तरी ती बॅटरी किती लांबचं दाखवेल हे त्यावरून कळत नाही. ते सांगतो कँडेला, म्हणजे एका दिशेला प्रकाश किती एकवटला आहे त्याचं माप. हे घरी मोजता येतं. फोनमध्ये लक्स, म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते, दाखवणारं एखादं अ‍ॅप घ्या. अंधाऱ्या खोलीत बॅटरी टेबलावर ठेवा आणि बरोबर पाच मीटरवरून झोताचा सर्वांत उजळ ठिपका फोनच्या पुढच्या बाजूच्या प्रकाश-सेन्सरवर पडू द्या. आलेल्या आकड्याला अंतराच्या वर्गानं, म्हणजे पंचवीसनं गुणा. १०० लक्स आले तर २,५०० कँडेला. खोक्यावर 'झोताचं अंतर' म्हणून जे छापतात ते अमेरिकेतल्या अ‍ॅन्सी एफएल-१ या मानकाप्रमाणे काढायचं असतं: उजेड ०.२५ लक्सपर्यंत, म्हणजे निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका उतरतो ते अंतर. सूत्र सोपं आहे. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करायची. २,५०० चं वर्गमूळ ५०, अंतर १०० मीटर. पण चांदण्याइतक्या उजेडात शंभर मीटरवरचा माणूस ओळखू येत नाही, म्हणून व्यवहारात निम्मं अंतर धरावं. आणि वर्गमुळामुळे होतं काय, तर अंतर दुप्पट हवं असेल तर कँडेला चौपट लागतात. 'दुप्पट पॉवर' म्हणून विकलेली बॅटरी लांबवर नेमका किती फरक पाडेल, ते यावरून ताडावं. फोनचा सेन्सर काही प्रयोगशाळेतला मीटर नव्हे. त्याचे आकडे दोन बॅटऱ्यांची तुलना करायला वापरावेत, कोर्टात दाखवायला नाही.

आता झोताचा आकार. माझ्या मते पैसे इथे वसूल होतात किंवा बुडतात.

रिफ्लेक्टरची, म्हणजे चकचकीत वाटीची बॅटरी भिंतीवर मारली की मधे उजळ ठिपका दिसतो आणि भोवती मंद, रुंद वर्तुळ. ठिपका हा वाटीवर आपटून आलेला प्रकाश. भोवतालचं वर्तुळ म्हणजे वाटीला न लागता एलईडीतून थेट बाहेर पडलेला प्रकाश. चालताना पाय कुठे पडतोय ते हे दुसरं वर्तुळच दाखवतं. गुळगुळीत वाटीचा ठिपका टोकदार असतो, पण त्यात रेघा आणि कडी दिसतात. संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत वाटी थोडी लांबी गमावते आणि झोत मऊ करते. ठिपक्याच्या मधोमध काळपट भोक दिसलं, मेदूवड्यासारखं, तर एलईडी वाटीच्या केंद्रबिंदूवर बसलेला नाही. हे चार-पाच मीटरवरून तपासा, कारण अगदी जवळून चांगल्या वाटीतही भोक दिसू शकतं. दोष खरा असेल तर बहुतेकदा एलईडीभोवतीची प्लॅस्टिकची चकती जाड असते किंवा तिरकी बसलेली असते. डोकं अर्धा आटा सैल करून भोक भरून येतंय की वाढतंय ते पाहा. भरून आलं तर चकती उलट जाड हवी; वाढलं तर ती पातळ घासून काम होतं.

पुढं-मागं सरकणाऱ्या भिंगाची 'झूम' बॅटरी बाजारात सर्वांत जास्त खपते, कारण दुकानातल्या पाच सेकंदांसाठी ती अगदी आदर्श आहे. भिंग पुढं ओढलं की भिंतीवर लख्ख चौकोन उमटतो. हा चौकोन म्हणजे दुसरं काही नसून एलईडीच्या चिपचंच मोठं केलेलं चित्र. नीट पाहिलं तर तिच्यावरच्या बारीक तारांच्या सावल्याही दिसतात. पण उरलेला प्रकाश जातो कुठे? २५ मिलिमीटर व्यासाचं भिंग एलईडीपासून २० मिलिमीटरवर असेल तर ते कडेपर्यंत सुमारे ३२ अंशांचा कोन पकडतं, आणि सपाट एलईडीच्या प्रकाशापैकी तेवढ्या कोनात केवळ २८ टक्के येतो. बाकीचा काळ्या नळीच्या आतल्या अंगावर आपटून उष्णता होतो. भिंग ८ मिलिमीटरपर्यंत मागं घेतलं की हाच हिस्सा ७० टक्क्यांवर जातो. म्हणजे लांबचं पाहताना तुम्ही विकत घेतलेल्या उजेडातला जवळजवळ तीन-चतुर्थांश फेकून देत असता. वर चौकोनाबाहेर ठार काळोख, त्यामुळे पन्नास मीटरवरचं झाड दिसतं आणि पुढच्या पावलाखालचा दगड दिसत नाही.

महाराष्ट्रात हा नुसता नावडीचा प्रश्न नाही. शेतीपंपाला रात्रीची वीज असली की शेतकऱ्याला बांधावरून, उसाच्या सरीतून मोटर चालू करायला जावं लागतं, आणि मण्यार व घोणस मुख्यतः रात्री फिरतात. अशा वाटेवर पन्नास मीटर लांबच्या चौकोनापेक्षा पुढच्या पाच-सहा मीटरचा रुंद, सलग उजेड मोलाचा. शंभर-दीडशे लुमेन त्याला भरपूर झाले. पावसाळी धुक्यात सह्याद्रीतल्या वाटेवर आणखी एक भर: बॅटरी कपाळावर न बांधता कमरेच्या उंचीला धरावी. डोळ्यांशेजारून निघालेला प्रकाश धुक्याच्या थेंबांवरून थेट डोळ्यांत परततो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. पिवळा उजेड धुकं भेदतो अशी समजूत आहे, पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानानं इतके मोठे असतात, की रंगानं फारसा फरक पडत नाही. दिवा कुठे धरला आहे यानं पडतो.

मात्र साप ओळखायला रंग लागतो. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. गॅलियम नायट्राइडची निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा (निळा प्रकाश शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा) लेप, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. (ही निळी चिप साधल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) लेप पातळ ठेवला की खर्च वाचतो आणि थंड निळसर उजेड नजरेला जास्त प्रखर भासतो, म्हणून स्वस्त बॅटऱ्या तशाच असतात. त्यांच्या प्रकाशात लाल रंगाचा वाटा फार कमी असतो. वाळक्या पाल्यावर तपकिरी ठिपक्यांची घोणस पडली असेल तर तांबूस छटांमधला फरकच पुसला जातो. परीक्षा स्वयंपाकघरात घ्या: लाल मिरची, हळद आणि स्वतःचा तळहात. मिरची काळपट आणि तळहात राखट दिसला तर समजा. भिंतीवरच्या झोताची कड पिवळी आणि मधला भाग निळा दिसत असेल तर घाबरू नका. तिरक्या दिशेनं निघणाऱ्या किरणांना फॉस्फरमधून जास्त अंतर कापावं लागतं, त्यामुळे थोडी पिवळी कड चांगल्या एलईडीलाही असते.

आता वेळेची परीक्षा. लहान खोलीत बॅटरी छताकडे तोंड करून उभी ठेवा, फोन जरा बाजूला, जागेवरून हलणार नाही असा. छतावरून परतलेल्या उजेडाचे लक्स ३० सेकंदांनी, १० मिनिटांनी, अर्ध्या तासानं आणि तासानं लिहून घ्या. तीन एएए सेलच्या, नऊ बारक्या एलईडींच्या बॅटरीत बहुधा सर्किटच नसतं. ताज्या सेलचे साडेचार व्होल्ट तीन व्होल्टच्या एलईडींवर जवळजवळ थेट येतात. सुरुवातीला त्या सोसण्यापलीकडे करंट घेतात, म्हणून दुकानात लखलखतात. पुढे सेल उतरेल तसा उजेड सतत घसरतो. उलट एकाच एए सेलवर चालणाऱ्या बॅटरीत दीड व्होल्टचे तीन करणारं सर्किट असावंच लागतं, नाहीतर एलईडी पेटणारच नाही. म्हणून ती दिसायला बापुडवाणी असली तरी तिचा उजेड बऱ्याचदा जास्त स्थिर राहतो. खोक्यावरच्या 'तासां'मधली मेख इथे आहे: एफएल-१ प्रमाणे उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ धरला जातो. पहिला तास झळाळीचा आणि पुढचे सात काजव्याचे, तरी आकडा आठच. याच वेळी बॅटरीच्या डोक्याला हात लावून पाहा. दहा मिनिटांत धातू कोमट झाला तर चांगलं, उष्णता बाहेर येते आहे. लक्स घसरले आणि डोकं मात्र थंडच राहिलं, सेलही ताजा असला, तर एलईडी आतल्या आत शिजतो आहे: त्याची पट्टी धातूला नीट टेकलेली नाही.

मल्टिमीटर असेल तर एका सेलच्या बॅटरीची शेपटीची टोपी काढा, मीटर दहा अँपिअरवर लावा, एक टोक सेलच्या तळाला आणि दुसरं नळीच्या उघड्या, बिनरंगाच्या कडेला टेकवा. टोपीतलं बटण वगळलं गेल्यामुळे दिवा लगेच पेटेल. दीड अँपिअर आले तर ३.७ नं गुणून साडेपाच वॅट, म्हणजे साडेपाचशे लुमेनच्या आत-बाहेर. टोपी लावल्यावर उजेड यापेक्षा स्पष्ट कमी दिसत असेल तर दोष बटणात, बारीक स्प्रिंगमध्ये किंवा मळलेल्या आट्यांत आहे. आटे कोरड्या फडक्यानं पुसणं हा लुकलुकणाऱ्या बॅटरीवरचा पहिला उपाय, आणि अनेकदा शेवटचाही.

चार्जिंगबद्दल थोडं. भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट खुपसायच्या पिनांची बॅटरी ४ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड सेलवर चालते. आत ट्रान्सफॉर्मर नसतो, एका कपॅसिटरनं करंट आवळलेला असतो. २३० व्होल्टला १ मायक्रोफॅरडमधून सुमारे ७० मिलिअँपिअर जातात, आणि सेल भरला तरी ते थांबत नाहीत. म्हणून ती रात्रभर लावून ठेवली की सेल वाळतो आणि उतरलेली महिनाभर पडून राहिली की पत्र्यांवर सल्फेट धरतं. शिवाय आतला प्रत्येक भाग विजेच्या लाइनला जोडलेला असतो, तेव्हा पिना सॉकेटमध्ये असताना ती उघडू नये. टाइप-सी तोंडाची बॅटरी नव्या चार्जरवर आणि दोन्हीकडे सी असलेल्या वायरवर चार्ज होत नसेल, तर ती बिघडली आहे असं समजून परत पाठवू नका. कंपनीनं ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात, त्यामुळे चार्जरला बॅटरी जोडल्याचं कळतच नाही. जुना, चौकोनी यूएसबी तोंडाचा चार्जर आणि ए-टू-सी वायर लावली की काम होतं.

आणि वापर नसेल तेव्हा साधे सेल काढून ठेवावेत. झिंक-कार्बन सेलचं जस्ताचं कवचच रासायनिक क्रियेत खर्च होतं, भिंत पातळ होऊन आतलं खारट पाणी बाहेर येतं आणि स्प्रिंग खाऊन टाकतं. अल्कलाइन सेलची पांढरी भुकटी दिसली तर ती लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसानं पुसून जागा कोरडी करावी. सेल लिथियमचा आणि बटण बाजूला असेल तर शेपटीची टोपी पाव आटा सैल करून ठेवा. आतलं सर्किट बंद असतानाही थेंब थेंब वीज पीत असतं.