फ्लोट : न बुडण्यापेक्षा सुटं असण्याचा शब्द

शब्दकोशात ‘फ्लोट’ काढला की पहिलाच अर्थ ‘तरंगणे’ असा मिळतो आणि आपण निश्चिंत होतो. पुढे कधीतरी कर्जाच्या कागदावर ‘फ्लोटिंग रेट’ दिसतो, कार्यालयात ‘टेंडर फ्लोट झालं’ असं कानावर पडतं, प्रोग्रॅमिंग शिकताना ‘फ्लोट’ नावाचा डेटाचा प्रकार समोर येतो. यात पाणी कुठे आलं, असा प्रश्न पडतो. त्यासाठी शब्दाच्या घराण्यात डोकवावं लागतं.

जुन्या इंग्रजीत ‘फ्लोटियन’ असं क्रियापद होतं. त्याचं मूळ शोधत मागे गेलं की अभ्यासक ‘प्लेउ’ अशा एका प्राचीन धातूपाशी पोचतात. त्याचा अर्थ वाहणे. वाहणारा ‘फ्लो’, जहाजांचा ‘फ्लीट’, फडफडणारा ‘फ्लटर’ ही इंग्रजीतली भावंडं. ग्रीकमध्ये याच धातूपासून जहाजाने जाणे या अर्थाचं क्रियापद झालं, लॅटिनमध्ये पाऊस पडणे या अर्थाचं. क्षणात सरून जाणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत ‘फ्लीटिंग’ म्हणतात, तेही मुळात पाण्यावरून वाहत निघून जाणारं.

या घराण्याची एक शाखा आपल्याकडे आहे आणि ती चांगली फोफावलेली आहे. संस्कृतातला ‘प्लु’ धातू तो हाच. प्लव म्हणजे तराफा किंवा होडी. उड्या मारणारा तो प्लवग किंवा प्लवंग, म्हणून वानरही प्लवंग आणि बेडूकही. साठ संवत्सरांच्या चक्रात प्लव आणि प्लवंग ही दोन्ही नावं आहेत, शके १९४३ हे प्लव संवत्सर होतं. उलथापालथ ती विप्लव. ऱ्हस्व आणि दीर्घाच्या पुढचा तीन मात्रांचा स्वर तो प्लुत, म्हणजे लांबवर वाहत नेलेला. शाळेच्या विज्ञानातलं ‘प्लावक बल’ही याच कुळातलं. तेव्हा आर्किमिडीजचा नियम मराठीत पाठ करणारा विद्यार्थी ‘फ्लोट’च्या सख्ख्या चुलतभावाचं नाव घेत असतो, त्याला कुणी ते सांगत नाही एवढंच.

आपलं रोजचं ‘तरणे’ मात्र या घरातलं नाही. ते ‘तृ’ धातूतून आलं, आणि त्याचा अर्थ पलीकडे जाणे. इंग्रजीतलं ‘थ्रू’ हे त्याचं दूरचं नातलग. म्हणून मराठीत तरणं म्हणजे नुसतं पाण्यावर राहणं नव्हे. पार होणं, वाचणं. ‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण घ्या. इथे ‘तारी’च्या जागी इंग्रजी ‘फ्लोट’ कल्पून पाहा, म्हणीचा जीवच जातो. ‘तरंगणे’ त्यामानाने जवळचं, पण ते तरंगावरून, म्हणजे लाटेवरून आलेलं.

‘फ्लोट’चा खरा स्वभाव कळतो तो त्याचे विरुद्धार्थी शब्द पाहिल्यावर. पाण्यात त्याचा विरुद्धार्थी बुडणे, हे खरं. पण माणसाच्या बरगड्यांच्या बारा जोड्यांपैकी शेवटच्या दोन जोड्यांना ‘फ्लोटिंग’ म्हणतात, त्या का? त्या पुढून छातीच्या हाडाला जोडलेल्या नसतात म्हणून. इथे विरुद्धार्थी शब्द ‘जोडलेला’ आहे, बुडण्याचा प्रश्नच येत नाही.

चलनाच्या बाबतीत तर हे आणखी उघड आहे. १९४४ साली अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स इथे ठरलेल्या चलनव्यवस्थेत डॉलर सोन्याशी बांधला होता, ३५ डॉलरला एक औंस या भावाने, आणि इतर चलनं डॉलरशी. या बांधण्याला इंग्रजीत शब्द आहे ‘पेग’, म्हणजे सरळ खुंटी. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. जून १९७२ मध्ये ब्रिटनने पौंड मोकळा सोडला, आणि मार्च १९७३ पर्यंत बहुतेक मोठी चलनं खुंटीवरून सुटली. ही झाली ‘फ्लोटिंग’ चलनं. त्यातली काही पुढे चांगलीच बुडाली, तरी त्यांना ‘फ्लोटिंग’च म्हणत राहिले. शब्दाचा अर्थ ‘न बुडणारं’ असता तर हे चाललं नसतं.

संगणकातला ‘फ्लोट’ही सुटाच. तिथे दशांशचिन्ह एका जागी खिळलेलं नसतं, संख्या लहान-मोठी असेल तसं सरकतं. ही कल्पना संगणकाच्या आधीची. स्पॅनिश अभियंता लिओनार्दो तोरेस केवेदो यांनी १९१४ मध्ये ती मांडली, जर्मनीत कोनराड झूज यांनी १९४१ च्या झेड-३ यंत्रात प्रत्यक्ष वापरली, आणि १९८५ मध्ये तिचं प्रमाण मानक ठरलं. त्या मानकाच्या साध्या प्रकारात ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ लिहायच्या जागा, असतात : चिन्हाला एक, घातांकाला आठ, उरलेले २३ अपूर्णांकाला. बिट मोजकेच आणि हिशेब फक्त ० आणि १ या दोन अंकांतला, त्यामुळे ०.१ नेमका बसत नाही. म्हणूनच अनेक प्रोग्रॅमिंग भाषांत ०.१ अधिक ०.२ केल्यावर उत्तर ०.३ न येता शेवटी शून्यांच्या रांगेमागे एक ४ चिकटून येतो. नवख्या प्रोग्रॅमरला वाटतं आपलंच काही चुकलं.

पाणी नसलं तरी खरोखर तरंगणारा एक ‘फ्लोट’ मात्र आहे, खिडकीच्या काचेतला. ब्रिटनमधल्या पिल्किंग्टन कंपनीतले अ‍ॅलेस्टर पिल्किंग्टन (आडनाव एकच, पण मालक कुटुंबातले नव्हेत) यांनी १९५० च्या दशकात वितळलेली काच वितळलेल्या कथलावर पसरवायची पद्धत विकसित केली. कथील काचेपेक्षा बरंच जड, त्यामुळे काच वर राहते आणि दोन्ही बाजूंनी आपोआप गुळगुळीत होते. १९५९ मध्ये ही पद्धत जाहीर झाली, आणि काच घासून चकचकीत करायचं खर्चिक काम हळूहळू संपलं.

समानार्थी शब्दांची यादी कुठल्याही कोशात मिळेल. ते एकमेकांच्या जागी चालतात असं मात्र नाही. ‘ड्रिफ्ट’ हा ‘ड्राइव्ह’च्या घरातला, म्हणजे त्यामागे ढकलणारा कुणीतरी आहे, वारा किंवा प्रवाह. आपलं ‘वाहवत जाणे’ इथे चपखल बसतं. ‘हॉव्हर’ एका जागी, घिरट्या घालत. ‘बॉब’ म्हणजे खालीवर हेलकावणं. यांत मला सर्वांत आवडतो तो ‘वॉफ्ट’. आज तो सुगंधासाठी वापरतात, पण तो आला डच भाषेतल्या पहारेकऱ्यावरून. व्यापारी जहाजांना सोबत करणारं राखणीचं जहाज ते ‘वॉफ्टर’, आणि त्याने जहाजं सुखरूप नेणं म्हणजे ‘वॉफ्ट’. बंदुका गेल्या, झुळूक राहिली.

मराठीत आणताना म्हणूनच एक शब्द पुरत नाही. ‘तरता विनिमय दर’ हा अर्थशास्त्राच्या पुस्तकांतला शब्द मला खटकतो. तो दर तरलाच असेल याची खात्री कोण देणार? ‘मोकळा दर’ जास्त खरा वाटतो. आज इकडे तर उद्या तिकडे मत देणाऱ्या ‘फ्लोटिंग’ मतदाराला आपण कुंपणावरचा म्हणतो, ते ठीकच आहे. टेंडरसाठी ‘निविदा काढणे’ आहे. एखादी कल्पना ‘फ्लोट’ करणे म्हणजे लोक काय म्हणतात ते पाहायला ती चर्चेत सोडून देणे. आणि ती कल्पना नसून अफवा असेल, तर त्याला आपल्याकडे ‘पुडी सोडणे’ कधीपासून आहेच.