पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र

होकायंत्राची सुई ज्याच्यामुळे उत्तर-दक्षिण धरते ते हे क्षेत्र, आणि खरं सांगायचं तर जोराच्या बाबतीत ते अगदीच किरकोळ आहे. जमिनीवर ते साधारण २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक, नॅनोटेस्ला त्याचा अब्जावा भाग) भरतं, विषुववृत्ताकडे कमी, ध्रुवांकडे जास्त. आकडा ऐकायला दणदणीत वाटतो पण फ्रिजच्या दाराला लावायचं साधं मॅग्नेट जवळून याच्या शंभरेक पट भरतं, ते होकायंत्राशेजारी नेऊन बघा, सुई पृथ्वीला सोडून लगेच त्याच्याकडे वळते. पृथ्वीची कमाल आहे ती पसाऱ्यात, सूर्याच्या बाजूला हे क्षेत्र साठेक हजार किलोमीटरपर्यंत जातं आणि सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा झोत, तिथेच अडवतं.

हे येतं कुठून? १६०० साली विल्यम गिल्बर्ट या इंग्रज डॉक्टरने पृथ्वी म्हणजेच एक भला मोठा लोहचुंबक असं मांडलं. पण लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्याचं चुंबकत्व जातं, आणि पृथ्वीच्या पोटात तर हजारो अंश! म्हणजे आत चुंबक नाहीये, आत चालू डायनामो आहे. सुमारे २,९०० किलोमीटर खाली बाह्यगाभ्यात वितळलेलं लोखंड-निकेल आहे, त्यातलं तळाचं लोखंड हळूहळू गोठून खालचा घन गाभा वाढत जातो तशी उष्णता आणि हलकी मूलद्रव्यं वर येतात, त्याने हा रस घुसळला जातो, पृथ्वीच्या फिरण्याने त्या प्रवाहांना पीळ पडतो, आणि आधीच असलेल्या क्षेत्रातून हा वाहता धातू सरकला की त्यात वीज तयार होते, ती वीज परत तेच क्षेत्र टिकवते. घुसळण थांबली तर क्षेत्र हजारो वर्षांत हळूहळू विरून जाईल.

मधूनच चुंबकीय ध्रुवांची अदलाबदलही होते, शेवटची सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली. आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणाच्या बऱ्याच थरांत तर उलटं क्षेत्र गोठून बसलंय, कारण लाव्हा थंड होताना त्यातले लोहयुक्त कण त्या वेळच्या क्षेत्राची दिशा धरून बसतात, आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो थंड झाला तेव्हा ध्रुव उलटे होते.

मोजमापाची आपल्याकडची गोष्ट मजेशीर आहे. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून नोंदी व्हायच्या, पण शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या करंटने उपकरणं बिघडतील या धास्तीने १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला हलवली आणि इमारतीत लोखंड कटाक्षाने टाळलं. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या, म्हणजे जुने-नवे आकडे जुळवता येतील. ट्राम कधीच्या बंद झाल्या, अलिबागच्या नोंदी अजून चालू आहेत.