पार्श्वभूमी : सीलच्या डोक्यावरची वेधशाळा

रेडिओ कॉलर म्हणजे काय, हे नागपूरकरांना समजावून सांगावं लागत नाही. 2016 मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याचा 'जय' वाघ बेपत्ता झाला तेव्हा पानटपरीवरही कॉलरचीच चर्चा. 2019 मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ 1,300 किलोमीटरहून जास्त चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेही कॉलरमुळेच कळलं. पण वाघाच्या कॉलरला आपण विचारतो ते वाघाबद्दल. समुद्रातल्या बुडी मारणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत सुरुवात अशीच झाली, पुढे मात्र गाडी भलत्याच रुळावर गेली : प्राण्याच्या अंगावरचं यंत्र समुद्राबद्दलच सांगू लागलं.

1940 च्या सुमारास पेर शोलांडर या शास्त्रज्ञाने सील आणि देवमाशाला काचेची एक बारीक नळी बांधली. एका टोकाला बंद, आतून रंग लावलेली. प्राणी जितका खोल जाईल तितकं पाणी आत घुसणार आणि तिथपर्यंतचा रंग धुऊन नेणार. नळी परत हाती आली की सगळ्यात खोल बुडी किती, एवढं समजायचं. बस.

खरी मजा आणली जेराल्ड कूयमन यांनी. 1960 च्या दशकात अंटार्क्टिकात मॅकमर्डो इथे त्यांनी वेडेल सीलवर जे यंत्र चढवलं, त्याचं काळीज होतं स्वयंपाकघरातलं तासाभराचं टायमर. टायमर फिरे, काजळी धरलेल्या काचेवर सुई रेघ ओढे आणि बुडीचा आलेख तयार. पण यंत्र परत कसं मिळवायचं? कूयमन यांनी इतर भेगांपासून लांब, सलग बर्फात एकच भोक पाडलं आणि सील तिथे सोडला. श्वास घ्यायला दुसरी जागाच नाही म्हटल्यावर तो त्याच भोकात परत येणार. सीलची थोडी फसवणूकच म्हणायची, पण तो सुमारे 600 मीटर खोल जातो हे त्यातून सिद्ध झालं.

पुढे इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली. 1983 मध्ये कॅलिफोर्नियात बर्नी ले बफ यांच्या चमूने हत्ती सीलच्या माद्यांवर ती लावली. या माद्या वीसेक मिनिटं खाली, दोन-तीन मिनिटं वर, असं दिवसरात्र करत राहतात असं दिसलं. इथे समुद्रशास्त्रज्ञांचे कान टवकारले. एवढ्या वेळा खाली-वर करणारं जहाज कुणाला परवडणार?

त्यांची अडचणही तशीच होती. 2000 च्या आसपासपासून समुद्रात आर्गो नावाचे स्वयंचलित तरंगक सोडले जाऊ लागले. भारतातर्फे हे काम हैदराबादची इन्कॉइस संस्था बघते. दर दहा दिवसांनी वर येऊन तरंगक उपग्रहाला माहिती देतो. पण डोक्यावर बर्फ असेल तर वर येणार कसा? अंटार्क्टिकाभोवतीचा, दक्षिणेकडचा हत्ती सील मात्र त्याच बर्फाळ पाण्यात शिकार करतो. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधकांनी मग तापमान, क्षारता आणि खोली मोजणारी, अर्धा किलोच्या आसपासची डबी बनवली. ती डोक्यावरच्या केसांना चिकटवतात. दरवर्षी कातडीचा वरचा थर झडतो तेव्हा डबीही गळते. सील वर क्षणभरच थांबतो आणि उपग्रहाच्या एका संदेशात 32 बाइटही धड मावत नाहीत. म्हणून डबीच ठरवते की शेकडो मीटरच्या नोंदीतले नेमके कोणते मोजके बिंदू पाठवायचे. मला तरी या सगळ्या प्रकरणातली खरी करामत हीच वाटते.

2007-08 च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात अनेक देशांनी हे काम एकत्र केलं. पाच लाखांहून जास्त नोंदी आता सर्वांसाठी खुल्या आहेत. नागपूरहून नाकासमोर दक्षिणेला निघालं तर रामेश्वरमच्या अलीकडे जमीन संपते, ती थेट अंटार्क्टिकालाच परत लागते. तिथून थोडं पश्चिमेला केप डार्नली. समुद्रतळाशी पसरणारं अतिथंड, जड पाणी तिथेही तयार होतं, हे 2013 मध्ये जाहीर झालं. समुद्रात नांगरून ठेवलेल्या उपकरणांसोबत त्यात सीलच्या नोंदीही होत्या.

गैरसोय एकच, पण मोठी : कुठलं पाणी मोजायचं हे सील ठरवतो. त्याला जिथे मासे, तिथलीच आकडेवारी.

आपल्याकडे 2022 मध्ये कोकणात वेळास, आंजर्ले आणि गुहागरला ऑलिव्ह रिडले कासवांच्या पाच माद्यांना उपग्रह टॅग लावले. 'प्रथमा', 'सावनी', 'रेवा', 'वनश्री', 'लक्ष्मी'. तिथे मात्र प्रश्न जुनाच होता, अगदी टिपेश्वरच्या वाघासारखा : अंडी घालून झाल्यावर या जातात कुठे?