मेरी कोम : हलक्या वजनगटांतील कारकीर्द

मणिपूरच्या चुराचांदपूर जिल्ह्यातील कांगाथेई या गावी १९८२ मध्ये जन्मलेल्या मांगते चुंगनेइजांग मेरी कोम या हौशी मुष्टियुद्धात सहा वेळा विश्वविजेत्या ठरलेल्या भारतीय खेळाडू होत. कोम जमातीतील त्यांचे आईवडील शेतांवर राबत असत. १९९८ च्या बँकॉक आशियाई क्रीडास्पर्धेत मणिपूरच्याच डिंको सिंग यांनी ५४ किलो गटात सुवर्णपदक जिंकले, त्यानंतर मेरी ॲथलेटिक्स सोडून मुष्टियुद्धाकडे वळल्या. इंफाळमध्ये के. कोसाना मेइतेई यांच्याकडे त्यांनी सुरुवातीचे धडे घेतले. घरी मात्र ही गोष्ट ठाऊक नव्हती. २००० साली राज्य स्पर्धा जिंकल्यावर वृत्तपत्रात छायाचित्र आले, तेव्हा ती वडिलांना कळली.

महिलांची पहिली विश्वविजेतेपद स्पर्धा २००१ मध्ये अमेरिकेतील स्क्रँटन येथे झाली आणि तीत मेरी यांना ४८ किलो गटात रौप्यपदक मिळाले. पुढे अंताल्या येथे (२००२) ४५ किलो गटात, तर पोदोल्स्क (२००५), नवी दिल्ली (२००६) व निंगबो (२००८) येथे ४६ किलो गटात त्यांनी सुवर्णपदके जिंकली. यांतील निंगबोचे यश विशेष मानावे लागेल, कारण २००७ मध्ये जुळ्या मुलग्यांना जन्म दिल्यानंतर त्या पुन्हा रिंगणात उतरल्या होत्या. ४६ किलोचा गट बंद झाल्यावर ब्रिजटाउन येथे (२०१०) त्यांनी ४८ किलो गटात पाचवे सुवर्णपदक मिळवले. डावखुरा पवित्रा, झपाट्याने आत शिरून लागोपाठ ठोसे लगावणे आणि प्रतिस्पर्ध्याचा हात पोहोचण्याआधी बाहेर पडणे, ही त्यांच्या खेळाची लक्षणे होती.

या कारकिर्दीचा खरा पेच वजनगटांचा होता. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला मुष्टियुद्धाला प्रथमच स्थान मिळाले, परंतु गट ठेवले ते ५१, ६० व ७५ किलो असे तीनच. ४६ आणि ४८ किलोत कीर्ती मिळवलेल्या मेरी यांना ५१ किलोत लढण्यावाचून मार्ग उरला नाही. मुष्टियुद्धात तीन किलोंचा फरक थोडा नसतो. वरच्या गटातील खेळाडू उंच असतात, त्यांचे हात लांब असतात, आणि त्यांपैकी काही तर आणखी वरच्या गटातून वजन घटवून आलेल्या असतात. लंडनमध्ये नेमके तेच घडले. मेरी यांनी पहिल्या लढतीत १९–१४ असे हरवलेल्या पोलंडच्या कारोलिना मिखालचुक आणि उपांत्य लढतीत त्यांना ११–६ असे हरवणाऱ्या इंग्लंडच्या निकोला ॲडम्स या दोघी निंगबो येथे ५४ किलो गटाच्या अंतिम लढतीत समोरासमोर उभ्या होत्या. त्याच स्पर्धेत मेरी ४६ किलोत खेळत होत्या. हे अंतर लक्षात घेतले, तर लंडनच्या कांस्यपदकाचे मोल त्यांच्या कोणत्याही सुवर्णपदकाहून कमी ठरत नाही.

२०१४ मध्ये इंचेऑन आशियाई स्पर्धेत त्यांनी ५१ किलो गटात सुवर्णपदक जिंकले; रिओ ऑलिंपिकसाठी मात्र त्या पात्र ठरल्या नाहीत. त्यानंतर त्या ४८ किलोत परतल्या आणि २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत, तसेच नवी दिल्लीच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत विजयी झाल्या. अंतिम लढतीत युक्रेनच्या हाना ओखोटा यांना ५–० असे हरवून मिळवलेल्या या सहाव्या सुवर्णपदकाने त्यांनी क्यूबाचे हेवीवेट खेळाडू फेलिक्स साव्होन यांच्या सुवर्णपदकांच्या संख्येशी बरोबरी साधली. त्याच वर्षी पोलंडमधील एका स्पर्धेत वजनमोजणीला जेमतेम चार तास उरले असताना त्यांचे वजन सुमारे दोन किलो जास्त भरले. दोरीवरच्या उड्या मारून त्यांनी ते उतरवले आणि सुवर्णपदकही जिंकले.

टोकियो ऑलिंपिकसाठी त्यांना पुन्हा ५१ किलो गाठावे लागले, कारण महिलांचे गट तीनावरून पाच झाले तरी सर्वांत हलका गट तोच राहिला. या गटात २०१९ मध्ये उलान-उदे येथे मिळालेले कांस्य हे त्यांचे आठवे विश्वस्पर्धा-पदक होय. टोकियोत त्या कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सिया यांच्याकडून ३–२ अशा विभागलेल्या निकालाने हरल्या. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवड चाचणीत त्यांचा गुडघा दुखावला. पुढे पॅरिसमध्ये महिलांचा सर्वांत हलका गट ५० किलोवर आला, परंतु तोवर मेरी यांनी हौशी मुष्टियुद्धातील चाळीस वर्षांची वयोमर्यादा ओलांडली होती.