वक्त्याची मान आणि खांदे: पार्श्वभूमी

वक्तृत्व स्पर्धेला निघालेल्या मुलाला हमखास सांगितलं जातं, "छाती काढ, मान ताठ ठेव." हेतू चांगला असतो, पण ओढूनताणून काढलेली छाती आणि आवळलेली मान घसाच बसवते. जुन्या जाणत्यांनी भर दिला तो अंगातला जादा ताण काढण्यावर.

पहिल्या शतकात रोममध्ये वक्तृत्व शिकवणाऱ्या क्विंटिलियनने हातवाऱ्यांचे नेमके नियम लिहिले. हात डोळ्यांच्या वर जाऊ नये, छातीच्या खाली उतरू नये. हालचाल अर्थाबरोबर सुरू व्हावी आणि अर्थाबरोबरच थांबावी. प्राचीन ग्रीसमधला नावाजलेला वक्ता डेमॉस्थेनिस याला खांदे उडवण्याची खोड होती, असं क्विंटिलियन सांगतो. ती मोडायला डेमॉस्थेनिस अरुंद चौथऱ्यावर उभा राहून सराव करी, खांद्यावर भाला टांगलेला. भरात येऊन खांदा उचलला, की भाला टोचायचा!

1806 मध्ये गिल्बर्ट ऑस्टिन या आयरिश लेखकाने वेगळी वाट धरली. वक्त्याभोवती एक काल्पनिक गोल कल्पून हात कुठे, पाय कुठे हे त्याने भाषणातल्या शब्दांसोबत अक्षरचिन्हांनी लिहून ठेवलं. मेहनत अफाट, पण पाठ केलेला हातवारा शब्दाच्या मागून येतो. ‘हिमालय’ म्हणून झाल्यावर हात वर जातो, तो असा.

खरा उलगडा केला ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर 1869 मध्ये जन्मलेल्या एफ. एम. अलेक्झांडरने. तो रंगमंचावर काव्यवाचन करायचा आणि त्याचा आवाज बसायचा. विश्रांतीने बरा व्हायचा, कार्यक्रमात पुन्हा जायचा. म्हणजे दोष बोलण्याच्या पद्धतीत असणार. आरशासमोर त्याला तीन गोष्टी दिसल्या: बोलायला लागताच डोकं मागे खेचलं जाई, स्वरयंत्र खाली दाबलं जाई आणि तोंडाने आवाज करत श्वास ओढला जाई. पुढे लक्षात आलं, की छाती उचलली जाऊन पाठही आखडते. डोकं मुद्दाम पुढे घेतल्यानेही भागलं नाही, कारण सवय त्याच्याआधी धावत होती. म्हणून बोलण्याची ऊर्मी क्षणभर थांबवायची आणि मान मोकळी सोडायची, हे त्याने शोधलं. 1904 मध्ये तो लंडनला गेला आणि तिथे शिकवू लागला.

त्याच्या परंपरेतला एक सराव घरी करता येतो. सतरंजीवर उताणं पडा, डोक्याखाली एक-दोन पुस्तकं, गुडघे वर, पायांचे तळवे जमिनीवर. 10 ते 15 मिनिटं. पुस्तकं कमी पडली तर हनुवटी वर जाते, जास्त झाली तर गळा दबतो. मग उभं राहून मोबाइलवर बाजूने चित्रण करा आणि पहिल्या शब्दाच्या आधीचा अर्धा सेकंद बघा. हनुवटी उचकते का? गुडघे मागे घट्ट होतात का?

2010 मध्ये ‘पॉवर पोझ’ गाजली: दोन मिनिटं रुंद पवित्र्यात राहा, संप्रेरकं (हार्मोन्स) बदलतील. 2015 मध्ये 200 जणांवर झालेल्या प्रयोगात संप्रेरकांत तो फरक दिसला नाही. जोर आल्यासारखं वाटणं मात्र दिसलं. भाषणाआधी तेवढ्यापुरती ती जरूर करावी. हनुवटी उचकण्याची सवय मात्र तिने सुटत नाही. तिला रोजची सतरंजीच लागते.