सायकलचा रस्ता निवडताना आधी सर्वांत अवघड जागा शोधा

सायकल चालवता येते, पण रोज सायकलवर कामाला जायची धास्ती वाटते, अशी माणसे सोलापुरात घरोघरी सापडतील. अंतर त्यांच्या आड येत नाही. ताशी १२ किलोमीटर अशा आरामाच्या वेगाने पाच किलोमीटर जायला २५ मिनिटे लागतात, आणि आपले शहर पठारावरचे, दमछाक करणारे चढ थोडेच. आड येते ती मागून येणाऱ्या गाडीची भीती. ‘सरावाने जाईल’ असे अशा माणसाला सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. ही भीती बहुतेक वेळा खऱ्या धोक्याकडेच बोट दाखवत असते. तो धोका मोजता येतो आणि रस्ता नीट निवडला तर बराचसा टाळताही येतो.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात सायकल वाहतुकीचे काम पाहणारे रॉजर गेलर यांनी २००६ साली शहरवासीयांचे चार गट मांडले. कशालाही न घाबरणारे एक टक्क्याहून कमी, आत्मविश्वासाने चालवणारे सुमारे ७ टक्के, सायकलच्या वाटेला कधीच न जाणारे सुमारे ३३ टक्के आणि ‘आवडेल, पण भीती वाटते’ म्हणणारे सुमारे ६० टक्के. तेव्हा तो अनुभवातून केलेला अंदाज होता. पुढे पोर्टलंड परिसरातच झालेल्या पाहणीतही हा भिणारा गट निम्म्याहून मोठा निघाला. सोलापूरचे आकडे वेगळे असतील, पण अडचण तीच आहे. रस्ता सुचवणारा बहुधा धीट गटातला असतो आणि विचारणारा भिणाऱ्या गटातला. ‘सरळ होटगी रोडने जा, लवकर पोचशील’ हा सल्ला देणाऱ्याच्या दृष्टीने बरोबरच असतो.

आता भीती मोजू. नवख्या सायकलस्वाराला सर्वांत जास्त त्रास होतो तो अंगाजवळून पुढे जाणाऱ्या वाहनांचा. एका किलोमीटरमध्ये अशी किती वाहने तुम्हाला ओलांडतील, याचे गणित सोपे आहे. समजा, एका मोठ्या रस्त्यावर तुमच्या दिशेने तासाला ६०० वाहने जातात, म्हणजे मिनिटाला १०, आणि त्यांचा वेग ताशी ४० किलोमीटर आहे. तुम्हाला एक किलोमीटर जायला ५ मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात तुमच्या मागून ५० वाहने त्या रस्त्यावर येतात. गाडीला तेच अंतर कापायला दीड मिनिट लागते. म्हणून शेवटच्या दीड मिनिटात आलेली १५ वाहने तुम्हाला गाठू शकत नाहीत. उरलेली ३५ तुमच्या शेजारून पुढे जातात.

त्याला समांतर अशी आतली गल्ली घ्या. तिथे मिनिटाला एक वाहन, वेग ताशी २०. पाच मिनिटांत पाच वाहने येतात, त्यांना किलोमीटरला तीन मिनिटे लागतात, म्हणून तुम्हाला ओलांडतात फक्त दोन. इथे दोन गोष्टी एकाच वेळी काम करतात. वाहने कमी असतात हे तर उघडच आहे, पण त्यांचा वेग तुमच्या वेगाच्या जवळ असल्यामुळे मागून येणाऱ्यांपैकी बरीचशी मागेच राहतात. हमरस्त्याने चार किलोमीटर गेलात तर १४० वेळा कोणीतरी तुम्हाला खेटून पुढे जाईल. गल्ल्यांतून वळसा घेऊन पाच किलोमीटर गेलात तर १० वेळा. वाढणारा वेळ पाच मिनिटे. माझ्या मते नवख्या माणसासाठी हा सौदा कधीही फायद्याचा आहे.

वेगाचा दुसरा परिणाम ब्रेकशी जोडलेला आहे. चालकाला अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरा. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असतील तर ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी साधारण १३ मीटरवर पूर्ण थांबते. ताशी ५० ने येणाऱ्या गाडीने तेवढ्या अंतरात अजून ब्रेकही दाबलेला नसतो, कारण त्या एका सेकंदातच ती जवळपास १४ मीटर पुढे आलेली असते. म्हणजे खड्डा चुकवताना तुम्ही १३ मीटरवर तिच्या समोर आलात, तर पहिली गाडी थांबेल आणि दुसरी पूर्ण वेगाने आदळेल. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक रस्ता सुरक्षा परिषदेने, जिथे पादचारी, सायकली आणि मोटारी एकत्र वावरतात तिथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी, असे सांगितले ते याचसाठी. आपल्या पेठांत, पूर्वभागातल्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत तशी पाटी लावलेली नसते. पण हातगाड्या, मालाची चढउतार आणि अरुंद वळणे यांमुळे वेग आपोआपच त्याच्या खाली राहतो. त्या गल्ल्यांची गर्दी पाहून नवखा माणूस बिचकतो. प्रत्यक्षात मोकळ्या, रुंद, गुळगुळीत रस्त्यापेक्षा तिथे त्याच्या जिवाला धोका कमी असतो.

एवढ्यावरून ‘गल्ल्यांतून जा’ असे सांगून थांबता येत नाही, कारण गल्ल्या कुठेतरी संपतात. २०१२ साली मेकुरिया, फर्थ आणि निक्सन या तीन संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरातले रस्ते सायकलस्वाराला जाणवणाऱ्या ताणानुसार चार पातळ्यांत विभागले. पहिली पातळी मुलांनाही झेपणारी, दुसरी बहुतेक प्रौढांना चालणारी, तिसरी सरावलेल्यांची, चौथी फक्त धाडसी लोकांची. त्यांनी मार्गाची पातळी ठरवताना सरासरी काढली नाही. संपूर्ण मार्गातला जो तुकडा सर्वांत वाईट, त्याचीच पातळी अख्ख्या मार्गाला दिली. चार किलोमीटर निवांत गल्ली आणि मध्ये फक्त ५० मीटरचा भयंकर चौक असेल, तर तो मार्ग भयंकरच. मला हा नियम फार महत्त्वाचा वाटतो, कारण माणूस तसाच निर्णय घेतो. रोज संध्याकाळी त्या एका चौकाची आठवण येते आणि दुसऱ्या दिवशी सायकल पार्किंगमध्येच राहते.

शहराचा नकाशा या नजरेने पाहिला की शांत रस्त्यांची बेटे दिसू लागतात. जुळे सोलापुरातल्या सोसायट्यांमधले आतले रस्ते हे असेच एक बेट. तिथे मुले सायकल शिकतात. पण तिथून होटगी रोडच्या बाजूला जायचे तर मध्ये रेल्वेमार्ग आहे आणि तो ओलांडायच्या जागा मोजक्याच. आसरा पूल त्यातला सर्वांना ठाऊक असलेला. रिक्षा, दुचाकी, बस, टेम्पो सगळेच तिथे एकवटतात, आणि चढावर सायकलचा वेग निम्म्यावर येतो. इथे भौतिकशास्त्र नवख्याच्या विरोधात जाते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या गणिती अभ्यासात एक नमुना सायकल साधारण ताशी १५ ते २२ किलोमीटर या वेगात आपोआप सरळ राहते असे दिसले. त्याहून हळू गेल्यावर तोल सावरायला हँडल सतत डावे-उजवे करावे लागते, म्हणजे सायकल नागमोडी चालते आणि तिला जास्त रुंदी लागते. जिथे जागा सर्वांत कमी तिथेच गरज सर्वांत जास्त. अशा पुलावर उतरून डाव्या कडेने सायकल हातात धरून चालण्यात काहीही कमीपणा नाही. २०० मीटरसाठी दीड मिनिट जास्त लागेल, आणि त्या दीड मिनिटाने सगळ्या मार्गाची ताणाची पातळी खाली येते.

दुसरी अवघड जागा म्हणजे सिग्नल नसलेल्या ठिकाणी मोठा रस्ता ओलांडणे. वाहने यादृच्छिक अंतराने येत असतील तर ओलांडायला किती वेळ थांबावे लागेल, याचे सूत्र ब्रिटनमध्ये ॲडम्स यांनी १९३६ सालीच मांडले होते. समजा, रस्त्याची प्रत्येक बाजू सात मीटर रुंद आहे, दोन्ही दिशांनी तासाला सहाशे-सहाशे वाहने येतात आणि सायकल धरून एक बाजू ओलांडायला ६ सेकंद लागतात. दुभाजक नसेल आणि तुम्ही दोन्ही बाजू एकदम १२ सेकंद मोकळ्या मिळण्याची वाट पाहत असाल, तर सरासरी अडीच मिनिटे उभे राहावे लागेल. मध्ये थांबायला सुरक्षित जागा असलेला दुभाजक असेल, तर प्रत्येक टप्प्याला सरासरी चार-पाच सेकंद, दोन्ही मिळून दहा सेकंदांच्या आत काम होते. रुंदी तीच, वाहने तितकीच, तरी एवढा फरक पडतो, कारण हवी असलेली मोकळीक दुप्पट झाली की ती मिळण्याची शक्यता कितीतरी पटींनी घटते. सिग्नलजवळ वाहने घोळक्याने येतात, तिथे आकडे बदलतात, पण कल बदलत नाही. अडीच मिनिटे थांबून कंटाळलेला माणूस शेवटी अपुऱ्या मोकळिकीत घुसतो, आणि अपघात होतात ते तिथे.

म्हणून घरातून निघताना रस्ता कुठे ओलांडायचा हे आधी ठरवा आणि मग त्या जागेच्या दोन्ही बाजूंना गल्ल्या जोडा. ती जागा तपासायला पायी जा. ताशी ५० ने येणारी गाडी ६ सेकंदांत ८० मीटरहून जास्त अंतर कापते, तेव्हा दोन्हीकडे निदान शंभर मीटर स्पष्ट दिसायला हवे. कठड्याआड, उभ्या टेम्पोआड किंवा वळणावर ओलांडायची जागा निवडू नका.

उजवीकडे वळण्याचेही असेच. आपल्याकडे वाहतूक डावीकडून, म्हणून डावे वळण सोपे आणि उजव्या वळणासाठी मधोमध जावे लागते. मागे वळून पाहताना नवख्याचे हँडल हमखास त्याच बाजूला ओढले जाते. ‘सात रस्ता’ चौकासारख्या ठिकाणी तर हे करूच नये. त्यापेक्षा सरळ पुढे जाऊन पलीकडच्या डाव्या कोपऱ्याला थांबावे, सायकल फिरवावी आणि त्या दिशेच्या वाहतुकीबरोबर निघावे. सकाळचे प्रत्येक डावे वळण त्याच रस्त्याने परतताना उजवे होते. म्हणून जाण्याचा आणि येण्याचा मार्ग वेगवेगळा असायला हरकत नाही. माझा आग्रह तर असा की दोन्ही मार्ग स्वतंत्रपणेच शोधावेत.

सोलापूरचे ऋतूही मार्ग बदलायला लावतात. दिवाळीनंतर गाळप सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून रस्त्यावर येतात. जोडलेले वाहन वळताना मागची ट्रॉली पुढच्या चाकांच्या वाटेवरून जात नाही, ती आतल्या बाजूने कापत जाते. ट्रॅक्टर डावीकडे वळत असेल आणि तुम्ही त्याच्या डाव्या अंगाला असाल, तर ट्रॅक्टर सुटून जाईल पण ट्रॉली तुम्हाला कडेला दाबेल. चौकात ट्रॅक्टर दिसला की त्याच्या मागे थांबायचे, शेजारी कधीच नाही. कांद्याच्या हंगामात बाजार समितीमुळे हैदराबाद रोडवर ट्रकची वर्दळ वाढते, आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वर मंदिर व होम मैदानाच्या आसपासचा नेहमीचा मार्ग सोडूनच द्यावा लागतो.

सूर्याचा विचार फारसा कोणी करत नाही, तोही सांगतो. अक्कलकोट सोलापूरच्या पूर्व-आग्नेयेला आहे. डिसेंबरात आपल्या अक्षांशावर सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, म्हणजे जवळजवळ त्याच दिशेला. थंडीत सकाळच्या पाळीसाठी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे निघालेल्या सायकलस्वाराच्या डोळ्यांवर ऊन येते. त्याहून वाईट म्हणजे मागून येणाऱ्या चालकाच्याही डोळ्यांवर येते आणि पुढची सायकल त्याला दिसत नाही. मे महिन्यात संध्याकाळी शहराकडे परतताना मावळतीचा सूर्य असाच समोर असतो. अर्धा तास मागेपुढे निघणे, किंवा त्या वेळेपुरती घरांच्या सावलीतली समांतर गल्ली पकडणे हा यावरचा उपाय आहे. सावलीमुळे उन्हाळ्यात अंगाची काहिलीही कमी होते.

मार्ग ठरला की रविवारी सकाळी एकदा जाऊन पाहा, जमल्यास सायकलची सवय असलेल्या कुणाला तरी सोबत घेऊन. मग कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळेला एकदा, कारण रविवारचा चौक आणि सोमवारी साडेनऊचा चौक यांत फार फरक असतो. जाताना ज्या ज्या ठिकाणी छातीत धस्स झाले, त्या जागा नकाशावर खुणेने लावा. बहुतेक वेळा खुणा पाच-सहापेक्षा जास्त निघत नाहीत. त्यातल्या काही वळसा घेऊन सुटतात, काही उतरून चालल्याने, काही वेळ बदलल्याने. कशानेच सुटत नाही अशी एखादी जागा उरते. महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज द्यायचा तो त्या जागेसाठी. ‘शहरात सायकल ट्रॅक हवेत’ असे मोघम न लिहिता कोणता चौक, कोणती वेळ, ओलांडायला किती मिनिटे थांबावे लागते आणि दुभाजकात सायकल धरून उभे राहता येईल एवढी दीड-दोन मीटरची जागा कुठे करता येईल, हे मोजून लिहा. अशा एका थांब्याने शांत गल्ल्यांची दोन बेटे जोडली जातात, आणि त्यासाठी लागतो तो थोडासा दुभाजक फोडण्याचा आणि दोन कठडे बांधण्याचा खर्च.