टाळाटाळ की चालढकल?

काम अडलं की ‘टाळाटाळ’ आणि ‘चालढकल’ हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्हींपुढे ‘करणे’, आणि दोन्हींमुळे काम जिथल्या तिथे. तरी मला ते वेगळे ठेवावेसे वाटतात, कारण समोरच्याच्या मनाबद्दल ते अगदी निराळं सांगतात.

चालढकलीत ‘ढकलणे’ आहे. काम नाकारलेलं नसतं, उद्यावर ढकललेलं असतं. ‘परवा नक्की येतो’ म्हणणारा सुतार परवा येत नाही, पण पुढच्या आठवड्यात पटाशी घेऊन दारात उभा राहतो. शिवाय चालढकल एकट्यालाही जमते. दाताच्या डॉक्टरकडे जाणं मी सहा महिने लांबवलं तर ती माझी चालढकलच. घरचे मागे लागले आणि मी दर वेळी नवं कारण काढलं, की ते म्हणणार, ‘जायला टाळाटाळ करतोय.’ म्हणजे टाळाटाळीला बहुधा समोर कुणीतरी विचारणारा लागतो.

घडण पाहिली तर हे आणखी उलगडतं. टाळाटाळ हा शब्द शोधाशोध, पळापळ, रडारड यांच्या जातीचा. एकदा शोधलं तर शोधाशोध होत नाही, तसंच एकदा टाळलं तर टाळाटाळ होत नाही. ती पुन्हापुन्हा व्हावी लागते.

भाड्याचं घर सोडल्यावर मला हे नीट कळलं. डिपॉझिटसाठी पहिला फोन केला तेव्हा उत्तर आलं, ‘आत्ता बाहेर आहे, रात्री बोलू.’ दुसऱ्यांदा, ‘चेक तयार आहे, फक्त सही राहिलीय.’ तिसऱ्यांदा, ‘पण भिंतींच्या रंगाचं काय?’ रंगाचा विषय त्याआधी एकदाही निघाला नव्हता. ‘देणार नाही’ असं घरमालक कधीच म्हणाले नाहीत, आणि तारीखही कधी दिली नाही. चालढकल करणारा निदान तारीख देतो, भले ती खोटी ठरो.

वाक्यातही दोघींच्या सवयी वेगळ्या. ‘द्यायला टाळाटाळ’, ‘माहिती देण्यास टाळाटाळ’, पण ‘अभ्यासात चालढकल’. ही रेघ पक्की नाही, उलटसुलटही ऐकू येतं, पण कानाला असंच सरळ वाटतं.

आढेवेढे यांत धरू नयेत. ते करत नाहीत, घेतात, आणि गाण्यासाठी आढेवेढे घेणारा बहुतेक वेळा शेवटी गातो. ‘दिरंगाई’ मात्र सरकारी कामात या दोन्हींच्या जागी येते. महाराष्ट्राचा २००५ चा बदल्या आणि विलंबाबाबतचा कायदा ‘दप्तर दिरंगाई कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहू नये, असं तो सांगतो. दिरंगाई हा शब्द मोजतो तो वेळ. फाइल आळसाने राहिली की मुद्दाम ठेवली, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून तक्रार लिहिताना शब्द निवडून घ्यावा. ‘टाळाटाळ’ हा हेतूचा आरोप आहे, त्याला तारखा लागतात. घरमालकांना पाठवायच्या पत्रात मी आधी ‘चालढकल’ लिहिलं होतं. मग तिन्ही फोनच्या तारखा आणि तिन्ही उत्तरं एकाखाली एक मांडली, आणि तो शब्द खोडून ‘टाळाटाळ’ केला.